दुमडलेली ओळ

ईसीजीच्या खोलीत आलेला माणूस पहिला प्रश्न करंटचा विचारतो. "बाई, शॉक बसंल व्हय?" नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत हा प्रश्न मी ऐकला आणि उत्तरही तेच दिलं, "आम्ही करंट देत नाही हो, तुमचा घेतो." काहीजण हसायचे, काहीजण आणखी घाबरायचे. एका पैलवानानं तर अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, "सगळा घेणार न्हाय न्हवं?"

मी कोल्हापुरातल्या एका खासगी हृदयरोगाच्या दवाखान्यात ईसीजी टेक्निशियन होते. काम काय, ते आधी सांगते. हृदयाचा प्रत्येक ठोका अगदी बारीकशा विजेवर चालतो. हातापायांना चार आणि छातीवर सहा अशा दहा तारा लावल्या की ती वीज मशीनपर्यंत पोचते आणि मशीन तिची रेघ कागदावर काढतं. तारा दहा असल्या तरी रेघा बारा निघतात, म्हणजे एकच हृदय बारा बाजूंनी दिसतं. प्रत्येक ठोक्याला एक उंच टोक येतं. त्यानंतर रेघेनं खाली मूळ पातळीवर यायचं आणि जरा वेळ सपाट जायचं, असा नियम. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली की ही रेघ पुरती खाली येत नाही, वरच तरंगत राहते. कधी चार चौकोन वर, कधी अर्धाच. कागदावरचा बारीक चौकोन एक मिलिमीटरचा असतो. चार चौकोन कुणालाही दिसतात. अर्ध्या चौकोनासाठी डोळा लागतो, आणि डोळा दमतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडं जुनं मशीन होतं. एका वेळी एकच रेघ काढायचं. तापलेली सुई कागदावरून सरकायची, तिचा जळका वास खोलीत राहायचा. छातीवर जेली लावून रबरी बुचं दाबून बसवायची. ती केसाळ छातीवरून सटकायची आणि कॉटखाली घरंगळत जायची. लांबलचक पट्टी निघाली की मी कात्रीनं बारा तुकडे करून डिंकानं कार्डावर चिकटवायची. दिवसाला तीस-चाळीस कार्डं व्हायची. कापता-चिकटवता मला रेघा वाचता यायला लागल्या, पण वाचणं माझं काम नव्हतं. टेक्निशियननं काढायचं, डॉक्टरनं वाचायचं.

त्या काळात एके सकाळी कदम गुरुजी आले. निवृत्त शिक्षक होते, सायकलवरून आलेले. जबड्यात ठणकतंय, दाताच्या डॉक्टरनं इकडं पाठवलं, म्हणाले. मी पट्टी काढली. चिकटवताना दोन तुकड्यांत रेघ मला किंचित वर वाटली. वाटली एवढंच. त्या दिवशी ड्युटीवर बाहेरून आलेले एक डॉक्टर होते. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उजेडाकडं धरलं आणि म्हणाले, "नॉर्मल." माझ्या तोंडाशी आलं होतं की सर, ह्या दोन तुकड्यांकडं जरा बघा. बोलले नाही. गुरुजींनी मला हात जोडून नमस्कार केला, सायकलचं कुलूप काढलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा कार्ड मागायला आला. गुरुजी आदल्या संध्याकाळीच घरी वारले होते. मुलाची काही तक्रार नव्हती. "आईला दाखवायचंय, की बाबा तपासून आले होते," एवढंच म्हणाला. कार्ड देण्याआधी मी भिंग लावून रेघ मोजली. पाऊण चौकोन.

आमच्या दवाखान्याचे मालक, त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, त्यांना मी जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "शैला, मी असतो तर कदाचित मीही सोडलं असतं. पण तुला शंका आली होती. यापुढं शंका आली की बोलायचं." मी मान हलवली. पण मान हलवणं सोपं असतं. बारावी आणि वर एक डिप्लोमा झालेली बाई एमडी डॉक्टरला काय सांगणार, ही भीती त्या एका वाक्यानं जाण्यासारखी नव्हती.

त्यानंतर काही वर्षांनी कॉम्प्युटरचं मशीन आलं. एका दमात बाराही रेघा मोठ्या कागदावर काढायचं, त्या स्वतः मोजायचं, आणि कागदाच्या वरच्या कडेला आपलं मत इंग्रजीत छापायचं. मागोमाग दुसऱ्या पानावर आकड्यांचा तक्ता यायचा. कुठली रेघ किती वर, किती खाली, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं मशीन बसवलं आणि पहिला कागद मोठ्या डॉक्टरांचाच काढायचं ठरलं. सगळा स्टाफ दारात गोळा झाला होता. मी इतकी गडबडले की कागद बाहेर आला तेव्हा वर छापलं होतं, हातांच्या तारा उलट लागल्यात का ते पाहा. खरंच लागल्या होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच! मोठे डॉक्टर कॉटवर पडल्या पडल्या हसत म्हणाले, "आल्या आल्या शैलाची चूक काढली. ठेवून घ्या ह्याला."

मशीनची इंग्रजी वाक्यं मी एका वहीत उतरवून घेतली आणि प्रत्येकासमोर मराठीत अर्थ लिहिला. ते फार सावध बोलायचं. 'असू शकेल', 'विचार करावा', 'तुलना करावी'. घरातल्या थोरल्या जावेसारखं, सगळं सांगून वर म्हणायचं, बघा बाई तुमचं तुम्ही.

त्याच सुमारास आमच्याकडं एक नवे डॉक्टर लागले. नुकतेच शिकून आलेले, हुशार, कामाला वाघ. मोठे डॉक्टर असल्यामुळं हे आपोआप धाकटे डॉक्टर झाले. मशीनवर त्यांचा भारी विश्वास. महिन्याभरातच तो विश्वास त्यांना महागात पडायची वेळ आली.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत काम करणारा दस्तगीर नावाचा तरुण होता, तिशीचा. भट्टीपुढं उभा असताना छातीत कळ आली म्हणून बरोबरच्या कामगारांनी त्याला टेम्पोत घालून आणलं. मी कागद काढला. जवळजवळ सगळ्याच रेघा वर. मशीननंही ह्या वेळी आडवळण घेतलं नाही, थेट हार्ट अटॅक छापलं. तेव्हा हार्ट अटॅकवर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची पद्धत होती. ते तासभर थेंबाथेंबानं शिरेतून सोडायचं. धाकट्या डॉक्टरांनी ते तयार करायला सांगितलं. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. त्यांनी कागद पाहिलाच नाही. दस्तगीरला विचारलं, "कधी जास्त दुखतं रे?"

"साहेब, उताणं पडलो की लई दुखतंय. असं फुडं वाकून बसलं की बरं वाटतंय."

"मागच्या आठवड्यात ताप आलता?"

"आलता की. तीन दिवस पडून हुतो."

मोठ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डोळे मिटून ऐकलं आणि मग नळी धाकट्या डॉक्टरांच्या कानाला दिली. "काय ऐकू येतं?"

"कर्र कर्र… नव्या चपलेसारखं."

"म्हणजे अटॅक नाही. हृदयाभोवतीच्या पिशवीला सूज आहे. ते इंजेक्शन दिलं असतंस तर त्या पिशवीत रक्त साचून हा पोरगा आत्ता आपल्यासमोर गेला असता."

धाकट्या डॉक्टरांनी तयार केलेलं इंजेक्शन स्वतः उचलून बाजूला ठेवलं. दस्तगीर पंधरा दिवसांत बरा होऊन कामावर गेला. पण त्या दिवसापासून मोठ्या डॉक्टरांनी नियम केला की कागद बाहेर आला की शैलानं वरची ओळ मागं दुमडायची. डॉक्टरनं आधी रेघा स्वतः वाचायच्या, मग दुमड उघडून मशीनचं मत बघायचं. नियम चांगला होता. पण धाकट्या डॉक्टरांनी त्यातला अर्धाच पाळला. ते दुमडीवर स्टेपलरची पिन मारून टाकायचे. "ताई, ह्याचं मत आपल्याला नको," म्हणायचे.

अशाच पिना मारलेल्या कागदांच्या दिवसांत पार्वताक्का आल्या.

कोडोलीतल्या दुकानदार घरातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सगळं घर कोल्हापूरला आलं होतं. कापडाच्या दुकानात त्यांना दरदरून घाम आला, एक उलटी झाली. सुनेनं हट्टानं रिक्षात घालून आणलं. दुपारचे बारा वाजले असतील.

"काय होतंय, आक्का?"

"काय न्हाय गं. सकाळी वांगं खाल्लं, तवापासनं हितं जळतंय." त्यांनी मूठ वळून छातीच्या खालच्या हाडावर ठेवली.

"आत्या, घाम किती आलता ते सांगा की," सून म्हणाली.

"गप ग. दुकानात पंख्याखाली तूच बसलीवतीस, मी न्हाय."

मी कागद काढला. रेघा मला ठीक दिसल्या. अगदी खरं सांगते, भिंग लावलं असतं तरी मी नॉर्मलच म्हटलं असतं. पण वरच्या ओळीत मशीननं छापलं होतं की हृदयाच्या खालच्या भागाला इजा होत असावी, पुन्हा काढून तुलना करावी. तक्त्यात दोन नंबरची रेघ शून्य पूर्णांक सहा मिलिमीटर वर होती. नियमाप्रमाणं मी ओळ दुमडली आणि कागद धाकट्या डॉक्टरांकडं नेला. त्यांनी रेघा नीट पाहिल्या, आक्कांचं पोट दाबून पाहिलं, पिन मारली. "अॅसिडिटी आहे. गोळ्या लिहून देतो, जाऊ द्या घरी."

"सर, मशीन म्हणतंय—"

"दस्तगीरच्या वेळीही म्हणत होतं, ताई."

ते वॉर्डात निघून गेले. त्यांच्या बोलण्यात चूक काढायला मला जागा नव्हती. मी खोलीत परत आले. पार्वताक्का उठून बसल्या होत्या आणि निऱ्या नीट करत होत्या. "मी जातो बाई आता. माणसं दुकानात खोळंबल्यात." आमच्याकडं बायकाही 'मी जातो'च म्हणतात.

गुरुजीही असेच उठून गेले होते. मी दारात आडवी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा पेशंटशी खोटं बोलले.

"आक्का, कागद नीट आला नाही. परत काढायला लागंल."

"मशीन बिघडलंय व्हय तुझं?"

"व्हय. बिघडलंय. तापलंय. वीस मिनिटं थांबायला लागंल."

ज्या मशीनवर मी भरवसा ठेवत होते, त्याचीच बदनामी करून मी त्यांना पुन्हा आडवं केलं. तारा काढल्याच नाहीत. छातीवर शाईनं खुणा करून ठेवल्या, म्हणजे बुचं जागची हलली तरी परत तिथंच लागतील. मग बस्त्याची चौकशी सुरू केली. नवरदेव काय करतो, शालू कुठल्या रंगाचा, मानपानाच्या साड्या किती. आक्का बोलायला लागल्या आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिले. मधेच त्या थांबल्या. "जरा दम लागल्यागत हुतंय गं."

मी बटण दाबलं. दुसरा कागद आला. डोळ्याला फरक थोडासाच दिसत होता, पण तक्त्यात शून्य पूर्णांक सहाचे एक पूर्णांक तीन झाले होते. तीन नंबरची रेघही वर निघाली होती, आणि हृदयाकडं विरुद्ध बाजूनं पाहणारी एक रेघ तेवढीच खाली गेली होती. मी सुनेला म्हटलं, "ह्यांना उठू देऊ नकोस, पाण्यालासुद्धा नाही." आणि दोन्ही कागद घेऊन वॉर्डात धावले.

धाकटे डॉक्टर एका पेशंटचं बीपी घेत होते. मी पहिल्या कागदाची पिन नखानं काढली आणि दोन्ही तक्ते त्यांच्यापुढं धरले.

"सर, मशीनचं मत वाचू नका. नुसते आकडे बघा. वीस मिनिटांचा फरक आहे. तारा मी हलवलेल्या नाहीत."

त्यांनी एका तक्त्यावरून दुसऱ्यावर बोट फिरवलं. परत फिरवलं. मग बीपीचा पट्टा तसाच पेशंटच्या दंडावर सोडून ते माझ्याआधी खोलीकडं पळाले.

पुढच्या दहा मिनिटांत तिसरा कागद काढला. आता भिंगाची गरज नव्हती. रेघ दोन चौकोन वर होती. मोठे डॉक्टर आले, आक्कांना नळी लावली, पुढं वाकायला लावून विचारलं, सगळं तपासलं आणि म्हणाले, "सुरू करा." इंजेक्शनचे थेंब पडायला लागले. मधे बीपी एकदम उतरलं. आक्का म्हणाल्या, "बाई, डोळ्यांपुढं काळं आलंय," आणि त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात. पाय वर राहावेत म्हणून धाकट्या डॉक्टरांनी कॉटची पायाकडची बाजू स्वतःच्या खांद्यावर उचलून धरली. सून दाराच्या चौकटीला टेकून मोठ्यानं देवाचं नाव घेत होती. मला वाटलं, थांबवून तरी काय मिळवलं मी.

मग बीपी हळूहळू वर आलं. तासाभरानं मी कागद काढला. रेघ निम्मी उतरली होती. आणखी तासानं जवळजवळ खाली.

तोवर बस्त्याला आलेली सगळी माणसं गठ्ठ्यांसकट दवाखान्यात येऊन बसली होती. संध्याकाळी भेटायची परवानगी मिळाली तेव्हा जाऊबाईंनी पिशवीतून दोन साड्या काढून विचारलं, "आक्का, नवरीच्या मावशीला ह्यातली कुठली?" आक्का पडल्या पडल्या म्हणाल्या, "हिरवी नगं. तिला हिरवी शोभत न्हाय." मोठे डॉक्टर ओरडले म्हणून साड्या परत पिशवीत गेल्या.

मशीन बिघडलं नव्हतं, हे मी आक्कांना घरी जाताना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कळलंतं. बिघडल्यालं मशीन कोण एवढं जपून बसतंय?"

धाकट्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी स्टेपलर माझ्या टेबलावर आणून ठेवला. "हा तुमच्याकडं ठेवा. आणि मी दुमड उघडायला विसरलो तर तुम्ही उघडायची." एवढंच बोलले. एमडी झालेला माणूस एका टेक्निशियनला असं सांगतो, ते किती जड जात असेल, हे मला त्यांच्या लाल झालेल्या कानांच्या पाळ्यांवरून दिसत होतं.

त्या रात्री घरी मी कदम गुरुजींच्या त्या कार्डाचा विचार केला. नवं मशीन तेव्हा असतं तर त्याला पाऊण चौकोन सापडला असता का, मला सांगता येणार नाही. मशीनही चुकतं, दस्तगीरनं ते दाखवलं होतं. पण मी बोलले असते तर गुरुजींना तासभर बसवून ठेवलं असतं आणि परत पट्टी काढली असती. एवढ्यासाठी कॉम्प्युटर लागत नव्हता. ह्याची खंत मला आहे आणि ती राहील.

पुढं दोन हजार सालानंतर मोठे डॉक्टर थकले. दवाखाना धाकटे डॉक्टर बघायला लागले. केस पांढरे झाले तरी नाव धाकटेच राहिलं. अटॅक आलेला माणूस आमच्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतो, ही गोष्ट त्यांना फार डाचायची. शाहूवाडीकडच्या डोंगरातून माणूस खाली येईतो दुपार व्हायची आणि तोवर हृदयाचा बराच भाग मेलेला असायचा. म्हणून त्यांनी तिकडच्या एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक छोटं कॉम्प्युटरचं मशीन आणि इंजेक्शनं ठेवली. कागद फॅक्सनं आमच्याकडं यायचा, इकडून सल्ला जायचा. तिथल्या रेश्मा सिस्टरला शिकवायला मी आठवडाभर एसटीनं जात-येत होते. चुणचुणीत पोरगी. हातांच्या तारा उलट लावल्या तर काय होतं, ते मी तिला स्वतःच्या फजितीसकट सांगितलं.

भातलावणीचे दिवस होते. सकाळी साडेदहाला रेश्माचा फोन आला. "ताई, धोंडीराम तात्या म्हणून हायत. चिखलात उभे असताना कोसळले. कागद पाठवतोय." फॅक्स सुरू झाला आणि अर्ध्यात लाइन तुटली. वरच्या दोन ओळी आल्या, बाकी कागद कोरा. परत लावला, परत तुटला. तिकडं पाऊस होता, तारा डोंगरातून येणाऱ्या. फोन मात्र कसाबसा लागत होता, खरखर करत.

"रेश्मा, फॅक्स सोड. दुसरं पान घे. तक्ता वाच."

ती वाचायला लागली, मी लिहीत गेले. "दोन नंबर, वर तीन पूर्णांक दोन. तीन नंबर, वर चार. ताई, ऐकू येतंय न्हवं?" "येतंय, पुढं बोल." प्रत्येक आकडा मी उलट वाचून दाखवायची, ती 'व्हय' म्हणायची. धाकटे डॉक्टर माझ्या खांद्यावरून बघत होते. बारावा आकडा लिहून झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं काय मत?" मी म्हटलं, "तात्यांना ताप आलता का, वाकून बसलं की बरं वाटतंय का, विचारा." विचारलं. दोन्हीला 'नाही' असंच उत्तर आलं. धाकट्या डॉक्टरांनी रिसीव्हर हातात घेतला. पलीकडच्या डॉक्टरांनी ते इंजेक्शन आजवर कधी दिलं नव्हतं. त्यांचा घाबरलेला आवाज मला रिसीव्हरबाहेरही ऐकू येत होता. "द्या," धाकटे डॉक्टर म्हणाले. "मी फोन ठेवत नाही. बीपी उतरलं तर पाय वर घ्या, घाबरू नका." आणि लाइन तुटायची तेव्हा तुटली, परत लागली, असं करत पाऊण तास ते तिथंच उभे राहिले.

दुपारी दोनच्या सुमाराला अँब्युलन्स आली. स्ट्रेचरवर तात्या जागे होते, पोटऱ्यांवर शेतातला चिखल सुकलेला. माझ्या खोलीत आणल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, माजा कागद पोचला व्हय?"

"पोचला. तुमच्या आधी तीन तास."

"मग मला कशाला आणलासा?"

मी तारा लावल्या आणि बटण दाबलं. कागद बाहेर आला. मी ओळ दुमडली, रेघा पाहिल्या, मग सवयीनं तक्ता काढला. सकाळी चार चौकोन वर असलेली तीन नंबरची रेघ अर्ध्यावर आली होती. तात्या मान उचलून बघत होते, म्हणून मी बोट ठेवून दाखवलं, सकाळी रेघ इथं होती, आता इथं आलीय.

"खाली आली म्हंजे बरं का वाईट?"

"बरं. लई बरं."

"मग उद्या सोडा. तरवा काढून ठेवलाय, रोपं वाळतील."

धाकटे डॉक्टर म्हणाले, दहा दिवस. तात्या म्हणाले, दोन. डॉक्टर आठवर आले, तात्या तीनच्या वर चढेनात. मी तिथून निघाले आणि शाहूवाडीला फोन लावला. पहिल्याच घंटीला रेश्मानं उचलला; अँब्युलन्स गेल्यापासून फोनजवळच बसली होती म्हणे.

"ताई, काय झालं? पोचले का?"

"पोचले. डॉक्टरांशी भांडतायत, घरी सोडा म्हणून."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि रेश्मा म्हणाली, "भांडालेत व्हय? मग मी जेवून घेतो."